घोडे शिकवणारे विष्णुपंत छत्रे

भारतातली पहिली सर्कस कोणी काढली, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास विचारला जातो. उत्तर विष्णुपंत छत्रे, साल १८८०. आपली मुले हे उत्तर पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण सर्कस काढली तेव्हा विष्णुपंत चाळीस वर्षांचे होते. तोवरच्या आयुष्यात ते काय करत होते, हे फारसे कोणी विचारत नाही. ते घोडे शिकवत होते. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण त्या कामात आहे, म्हणून या अंकात सर्कशीपेक्षा त्या कामाविषयीच थोडे अधिक लिहीत आहोत.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचा जन्म १८४० सालचा, अंकलखोप गावचा. कृष्णाकाठचे हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. लहानपणापासून त्यांना जनावरांचा मोठा नाद होता. हा सारा मुलूख पटवर्धन सरदारांचा. पेशवाईत पटवर्धनांना जहागिरी मिळाल्या त्या घोडदळ बाळगण्यासाठी. पेशवाई १८१८ मध्ये संपली, लढायाही संपल्या. पण संस्थानांच्या पागा राहिल्या आणि घोड्यांत वाढलेली माणसेही राहिली. विष्णुपंतांना त्याच पागांत आपला मार्ग सापडला.

या विद्येचे पक्के शिक्षण घ्यावे म्हणून तरुण विष्णुपंत थेट ग्वाल्हेरला गेले. त्या वेळी तिथे जयाजीराव शिंदे गादीवर होते आणि त्यांच्याकडचे बाबासाहेब आपटे हे अश्वविद्येतले नावाजलेले जाणकार होते. आपल्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. विष्णुपंत विशीत पोहोचेपर्यंत, म्हणजे १८६० पर्यंत, आपले बुऱ्हाणपूर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडेच होते; त्यानंतर ते इंग्रजांकडे गेले. दख्खनमधून उत्तरेकडे जाणारी जुनी वाट आपल्या असीरगडाखालून जात असे. दक्षिणेतल्या मराठी तरुणाने नशीब काढायला किंवा विद्या शिकायला ग्वाल्हेर, इंदूर गाठणे यात त्या काळी नवल नव्हते. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांचे मूळपुरुष असेच इकडे आले.

आपट्यांकडे विष्णुपंत जे शिकले त्या कामाला चाबुकस्वारी म्हणत. नावात चाबूक आहे, त्यामुळे हे मारून-मुटकून शिकवण्याचे काम असावे असा समज होतो. तशी शिकवणारे लोक असत, आजही आहेत. चांगला चाबुकस्वार मात्र चाबूक वापरतो तो लांब केलेल्या हातासारखा, खूण करायला. चाबकाची भीती घातलेला घोडा तोपर्यंतच ऐकतो, जोपर्यंत चाबूक त्याला दिसतो.

मुलांनो, आपल्याकडे लग्नाच्या वरातीत घोडी असते आणि स्टेशनाबाहेर टांग्याची तट्टे उभी असत, ती तुमच्या आईवडिलांनी नक्की पाहिली आहेत. तट्टू म्हणजे लहान चणीचा घोडा. खांद्यापर्यंत त्याची उंची साधारण १४७ सेंटिमीटरच्या आत असते. आपल्या दख्खनची भीमथडी तट्टे अशीच लहान, काटक आणि चिवट. घोडा लहान असो की मोठा, स्वभाव एकच: भ्यायले की पळायचे. त्याच्याजवळ शिंगे नाहीत, वाघासारखे सुळे नाहीत. रानात त्याचा जीव वाचला तो पळण्यामुळेच. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे थोडे तेवढे दिसत नाही. म्हणून घोड्याच्या मागून गुपचूप कधी जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. आता विचार करा, अशा पळपुट्या जनावराने आपल्या पाठीवर, म्हणजे रानात हिंस्र प्राणी झेप घेतो नेमक्या त्याच जागी, एका माणसाला बसू द्यायचे. बळाने ते काही काळ साधते. विश्वासाने मात्र कायमचे साधते, फक्त वेळ लागतो.

तो वेळ कुठे जातो ते पाहण्यासारखे आहे. शिंगरू आईजवळ असतानाच त्याला माणसाच्या हाताची सवय करतात. मानेवर थोपटणे, अंगावरून हात फिरवणे, पाय उचलून पुन्हा अलगद खाली ठेवणे. पुढे नाल मारायची वेळ येईल तेव्हा पाय धरल्यावर ते बुजू नये, याची तयारी तेव्हापासून चाललेली असते. मग म्होरकी घालून दोर हातात घेऊन चालवायचे. यात एक बारकावा आहे आणि सारी विद्या त्याच्यात आहे असे म्हटले तरी चालेल. दोर किंचित ताणला आणि शिंगराने एक पाऊल पुढे टाकले, की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. सैल दोर हेच त्याचे बक्षीस. हात सैल व्हायला उशीर झाला तर आपण नक्की काय बरोबर केले ते त्याला कळत नाही. आणि दोर ताणलेलाच राहिला तर ते ओढण्याविरुद्ध ओढायला शिकते. पुष्कळ अडेलतट्टू असे माणसांनीच घडवलेले असतात.

यानंतर कावा. गनिमी काव्यामुळे हा शब्द आपल्याला डावपेचाच्या अर्थाने ठाऊक आहे, पण घोड्याला गोल रिंगणात फिरवण्यालाही कावाच म्हणतात. शिकवणारा मध्ये उभा राहतो, हातात लांब दोर असतो आणि घोडा त्याच्याभोवती फिरतो. आधी चालीने, मग दुडक्या चालीने, मग दौडीत. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. कारण एका अंगाने शिकलेले घोड्याला दुसऱ्या अंगाने पुन्हा शिकवावे लागते. हे थोडाच वेळ करायचे आणि घोड्याला काही नीट जमले की तिथेच थांबायचे. मधला माणूस सारखा घोड्याचे कान पाहत असतो. आतला कान माणसाकडे वळलेला असेल तर लक्ष आहे. दोन्ही कान मागे चिकटले तर राग किंवा भीती. मान खाली सोडून तोंड चघळू लागला तर तो निवला. पाठीवर आधी चादर, मग सैल तंग, मग खोगीर आणि तीन-चार वर्षांचा झाल्यावर स्वार, हे सारे त्याच्यानंतर. कशाला बुजला तर तिथून ओढून न्यायचे नाही. उभे करायचे, ती वस्तू पाहू द्यायची, हुंगू द्यायची. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते. एकदा रागाच्या भरात दिलेला मार तो वर्षानुवर्षे विसरत नाही. त्यामुळे या कामात पहिली शिस्त लागते ती शिकवणाऱ्याला. घरून भांडून आलेल्या माणसाने त्या दिवशी काव्यावर उभे राहू नये.

ग्वाल्हेरला विष्णुपंतांनी दुसरीही एक विद्या मिळवली. तिथले दरबारी गवई हद्दू खाँ हे ख्यालगायकीतले फार मोठे नाव. त्यांच्याकडे विष्णुपंत गाणे शिकले. सकाळी पागेत आणि मग खाँसाहेबांपुढे, असा विद्यार्थी आम्हांला तरी दुसरा माहीत नाही. पण दोन्ही ठिकाणी लागणारा कान एकच असावा.

विद्या घेऊन ते दक्षिणेत परतले आणि कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचे काम पाहू लागले. त्यांनी शिकवलेल्या घोड्यांची ख्याती झाली. अशात मुंबईला एक युरोपी सर्कस आली. कुरुंदवाडचे अधिपती ती पाहायला गेले, बरोबर विष्णुपंत होते. त्या सर्कसवाल्याने भारतीयांना हे जमणार नाही असे हिणवले आणि विष्णुपंतांनी ते आव्हान घेतले, अशी हकीकत सांगतात. आव्हानाची गोष्ट मुलांना आवडते, पण आम्हांला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या तंबूत विष्णुपंतांच्या जाणत्या नजरेला काय दिसले असेल?

सर्कशीचा जन्म घोड्यांमुळे झाला आहे. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अॅस्टली या घोडदळातल्या माजी शिपायाने गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरतींचे खेळ सुरू केले. वर्तुळात एका लयीत दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर स्वाराला उभे राहणे सोपे जाते, हे त्याने ओळखले होते. डोंबारी, दोरीवर चालणारे, विदूषक ही मंडळी त्यात नंतर आली. त्या रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला आणि जगभरच्या सर्कशींत आजही तोच चालतो. म्हणजे ज्याला जग सर्कशीचे रिंगण म्हणत होते, तो विष्णुपंतांच्या लेखी काव्याचा गोल होता! मध्ये उभा असलेला माणूस, भोवती फिरणारा घोडा. उरलेल्या गोष्टी माणसे आणि पैसा जमवून उभ्या करता येणार होत्या. जी गोष्ट जमवून मिळत नाही ती त्यांच्या हातात वीस वर्षांपासून होती.

१८८० मध्ये त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. ती देशभर फिरली, सिंहलद्वीप आणि आग्नेय आशियापर्यंत गेली. केरळात तलश्शेरीला त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. त्यांनी सर्कशीसाठी कसरतपटू तयार केले आणि १९०१ मध्ये सर्कशीची शाळाच काढली. पुढे भारतीय सर्कशीतले कितीतरी कलावंत तलश्शेरीतून आले, त्याची सुरुवात या भेटीत आहे. इकडे सांगली-मिरजेच्या परिसरात देवल, कार्लेकर अशा सर्कशी निघाल्या. एवढ्याशा टापूत इतक्या सर्कशी का, याचे उत्तर आम्हांला त्या जुन्या पागांतच दिसते.

सर्कशीतल्या सगळ्याच जनावरांचे दिवस सुखाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. पिंजऱ्यात बंद आणि मारून शिकवलेल्या प्राण्यांच्या कहाण्या खऱ्या आहेत. सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हे योग्यच झाले. वाघाला माणसाशी मैत्रीची गरज नसते. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत आणि पुढारी लागतो. म्हणून तो माणसाशी जोडला जाऊ शकतो. हा फरक लहान नाही.

आता विष्णुपंतांच्या आयुष्यातला आम्हांला सर्वांत आवडलेला भाग. हद्दू खाँना रहिमत खाँ नावाचा मुलगा होता. गळा अलौकिक, पण मन थाऱ्यावर नाही. वडील गेले, भाऊ गेला, अफूचे व्यसन लागले आणि हा थोर गवई घर सोडून भटकू लागला. विष्णुपंतांची सर्कस काशीला गेली असता तो त्यांना विपन्नावस्थेत सापडला. आपल्या गुरूचा मुलगा! विष्णुपंतांनी त्याला बरोबर घेतले ते जन्मभरासाठी. रहिमत खाँ लहरी होते. केव्हा गातील, केव्हा गप्प बसतील याचा नेम नसे. अशा माणसाला ना पैशाने गाता करता येते, ना धाकाने. विष्णुपंतांनी त्यांच्या खाण्यापिण्याची, राहण्याची काळजी घेतली, त्यांच्या लहरी सांभाळल्या आणि हळूहळू हा गवई पुन्हा लोकांपुढे बसून गाऊ लागला. सर्कशीचा कारभार धाकटे बंधू काशिनाथपंत पाहू लागले आणि विष्णुपंत खाँसाहेबांच्या मैफिलींमागे राहिले. लोकांनी रहिमत खाँना भूगंधर्व म्हटले. अब्दुल करीम खाँसारख्या गायकावर त्यांच्या गाण्याची छाप पडली. सर्कसवाल्याने हे कसे साधले याचे त्या काळी अनेकांना कोडे पडले असेल. ज्यांनी त्यांना कधी बुजऱ्या शिंगराजवळ उभे पाहिले असेल त्यांना पडले नसावे.

विष्णुपंतांचे निधन १९०५ साली इंदूरला झाले. मुंबईकडून इंदूरला येणारी रेल्वे तेव्हा भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा अशी येई आणि खंडव्याला गाडी बदलून पुढे जावे लागे. त्यांच्यामागे काशिनाथपंतांनी सर्कस चालवली आणि रहिमत खाँनाही तितक्याच आस्थेने सांभाळले. खाँसाहेब छत्र्यांच्या कुरुंदवाडातच राहिले आणि १९२२ मध्ये तिथेच वारले. अखेरच्या काळात त्यांच्या गाण्याच्या काही तबकड्या निघाल्या होत्या. त्या आजही ऐकायला मिळतात.