धागा तुटला की थांबणारा माग : साकिची तोयोदा यांची जीवनकथा

तुम्ही लहान कारखाना चालवत असाल किंवा अशा कारखान्यात काम करत असाल, तर ‘लीन’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. माल, वेळ आणि श्रम वाया न घालवता उत्पादन करणे म्हणजे लीन. स्वयंचलित यंत्रांशी या पद्धतीची सांगड कशी घालावी, हे समजून घेण्यासाठी एका सुताराच्या मुलाचे आयुष्य पाहू या.

सुरुवात कशी झाली?

साकिची तोयोदा यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजी जपानमधील एका खेड्यात झाला. हे गाव आज शिझुओका प्रांतातील कोसाई शहरात येते. वडील सुतारकाम करत. साकिचीही तेच काम शिकले. गावात स्त्रिया हातमागावर कापड विणत. हे कष्ट कमी करायचे, या ध्यासाने ते मागाच्या रचनेत बदल करू लागले. १८९० मध्ये टोकियोत औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा यंत्रे पाहायला ते रोज जात. त्याच वर्षी त्यांनी एका हाताने चालवता येणारा लाकडी माग तयार केला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले.

त्यांच्या यंत्रात वेगळे काय होते?

तुम्ही भिवंडी, इचलकरंजी, सुरत किंवा बुऱ्हाणपूरचे असाल, तर ही अडचण तुम्हाला माहीत असेल. आडवा धागा तुटला तरी माग चालतच राहिला, तर कापड खराब होते. म्हणून मागापाशी माणूस राखणीला उभा ठेवावा लागतो. तोयोदा यांच्या १८९६ च्या यंत्रमागात आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबे. यंत्राने चूक ओळखून स्वतः थांबायचे आणि माणसाने कारण शोधून दुरुस्ती करायची, या विचाराला पुढे जपानीत ‘जिदोका’ म्हटले गेले.

वाट सोपी नव्हती. १९१० मध्ये त्यांना स्वतःच्या नावाच्या माग कंपनीतून बाहेर पडावे लागले. अमेरिका आणि युरोप पाहून ते परतले आणि १९११ मध्ये नागोयात त्यांनी नवा कारखाना उभारला. १९२४ मध्ये मुलगा किइचिरो यांच्या साथीने पूर्ण स्वयंचलित माग तयार झाला. तो चालू असतानाच धोटा बदलला जाई. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याचे पेटंट हक्क एक लाख पौंडांना घेतले. ३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिची यांचे निधन झाले.

पुढे किइचिरो यांनी १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्थापन केली. तोयोदांच्या कापड गिरणीतून तिथे आलेले अभियंता ताइची ओनो यांनी ‘हवे तेव्हा, हवे तेवढेच’ बनवण्याची पद्धत आणि जिदोका यांची जोड घातली. त्यातूनच पुढे लीन पद्धत जगभर गेली.

तुमच्यासाठी यात काय आहे?

• एक कामगार ३० हून अधिक स्वयंचलित माग सांभाळू लागला. त्यामुळे काम जाण्याची भीती खोटी नाही. मोकळ्या झालेल्या माणसाला तपासणी, देखभाल आणि सुधारणेचे काम शिकवायचे की घरी पाठवायचे, हे यंत्र ठरवत नाही, मालक ठरवतो. यंत्र घेण्याआधी कामगारांशी यावर बोला.
• आधी नासाडी शोधा, मग यंत्र घ्या. सदोष कामाला वेगवान यंत्र जोडले, तर सदोष मालच वेगाने निघतो.
• प्रत्येक वेळी महागडे यंत्र लागत नाही. बिघाड होताच यंत्र बंद करणारी साधी कळ किंवा लाल दिवा, एवढ्यानेही सुरुवात होते.

सरकारची मदत

मार्च २०२३ मध्ये सुरू झालेली ‘एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन)’ योजना उद्यम नोंदणी असलेल्या उद्योगांसाठी आहे. तिचे बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन टप्पे आहेत. योजना जाहीर झाली तेव्हा सल्लागार व मार्गदर्शनाच्या खर्चातील ९० टक्के वाटा केंद्र सरकारचा ठरला. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक आणि ईशान्येकडील उद्योग यांना आणखी ५ टक्के मिळतात. अर्ज करण्यापूर्वी सध्याच्या अटी योजनेच्या अधिकृत पोर्टलवर तपासून घ्या.