वाटसरूंच्या आजारपणाची काळजी वाहणारा राजा



घरापासून शेकडो मैल दूर, परक्या मुलखात एखादा यात्रेकरू तापाने आडवा पडला, तर त्याची शुश्रूषा कोणी करावी? दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने ही जबाबदारी आपली मानली. त्याचा मुलूख मात्र महाराष्ट्रातला नव्हता. कुंभकोणम्, चोळपुरम् अशा गावांचा, कावेरीच्या पाण्यावर पिकणारा तो तमिळ प्रदेश होता. राजधानी तंजावर आणि राजे दुसरे सरफोजी भोसले.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. १७८७ मध्ये तुळजाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले व स्वतःचा अंतकाळ जवळ आल्यावर या बालकाला जर्मन मिशनरी रेव्ह. श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन केले. हैदरअलीच्या स्वारीनंतरच्या दुष्काळात ज्यांनी तंजावरच्या भुकेल्यांना अन्न दिले, तेच हे श्वार्ट्झ. पुढे चुलते अमरसिंग गादीवर बसले आणि बालकाच्या नशिबी अंधारी खोली व अपुरे शिक्षण आले. श्वार्ट्झ यांनी त्यांची बाजू घेतली आणि मद्रासेत त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. फेब्रुवारी १७९८ मध्ये गुरू निवर्तले. त्याच वर्षी जूनमध्ये शिष्य गादीवर आला.

पण ते राज्य फार दिवस हाती राहिले नाही. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा प्रदेश आणि वर्षासन एवढेच उरले. अशा वेळी सरफोजींनी कशाचा आग्रह धरला असेल? रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांचा! पूर्वजांनी बांधलेल्या या धर्मशाळांच्या उत्पन्नाला धक्का लागू नये, असे त्यांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला कळवले आणि तेथील व्यवस्था सविस्तर सांगितली. छत्रात वैद्य नेमलेले असत. आजारी वाटसरूला बरे वाटेपर्यंत औषध व पथ्याचे अन्न मिळे. गरोदर स्त्रीचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होई आणि नंतर तीन महिने तिला तेथे राहता येई. परक्या आईबापांचे छत्रातच निधन झाले, तर मुलांना शिक्षकांच्या हवाली केले जाई. हा सारा खर्च नेमून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून भागत असे.

तंजावरात त्यांनी धन्वंतरी महालही चालवला. तेथे देशी वैद्य व युरोपीय वैद्यक यांचा मेळ होता. औषधे तयार होत व पारखली जात. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात गुंफून ठेवले गेले. नेत्ररुग्णांच्या उपचारांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह लिहिली गेली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत.

१८३२ मध्ये सरफोजी निवर्तले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरी तंजावरच्या चर्चमध्ये त्यांनी गुरूसाठी संगमरवरी स्मारक उभारले. त्यात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांचा हात धरून स्वतः सरफोजी उभे दिसतात.

वाचकहो, चांगल्या शोमरोन्याने जखमीला उतारशाळेत नुसते पोहोचवले नाही. पुढच्या खर्चाचीही तजवीज केली. आपल्या गावातला दवाखाना, आपल्या मंडळीचा रुग्णनिधी उद्याही चालेल अशी तजवीज आपण केली आहे काय?