हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राची राष्ट्रीय गुणवत्ता मानकांनुसार तपासणी होते, तेव्हा तपासनीस औषधसाठा आणि नोंदवह्या पाहून थांबत नाहीत. ते प्रत्यक्ष काम पाहतात, रुग्णांशी बोलतात, परिचारिका आणि सेवकांना प्रश्न विचारतात. उपकरणे निर्जंतुक कशी केली, लसीची कुपी केव्हा उघडली, याची चौकशी होते. कळंब किंवा परंड्याच्या ग्रामस्थाला हा कागदी सोपस्कार वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु लस बनविणाऱ्या हातांइतकेच ती टोचणारे हातही तपासावे लागतात, हे हिंदुस्थानात एका भीषण दुर्घटनेने दाखवून दिले होते. तिची किंमत १९ ग्रामस्थांनी प्राणांनी मोजली आणि एका शास्त्रज्ञाने आपल्या कारकिर्दीने. हा शास्त्रज्ञ म्हणजे वाल्देमार हाफकिन. परळच्या संस्थेमुळे त्यांचे नाव मुंबईकरांच्या ओठी असते. त्यांची कहाणी मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात एली मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. झारशाहीच्या रशियात ज्यू तरुणाला, त्यातही राजकीय चळवळीत ओढल्या गेलेल्या तरुणाला, संशोधनाच्या वाटा बंदच होत्या. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात वर्षभर अध्यापन करून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची नोकरी. उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर काम केले आणि १८ जुलै १८९२ रोजी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते कलकत्त्यास पोहोचले. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या वर्तुळात ही गोष्ट कधी विसरली गेली नाही. पुढील घटनाक्रम वाचताना वाचकांनीही ती ध्यानात ठेवावी.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि सरकारने हाफकिन यांना तातडीने मुंबईला धाडले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना मिळालेली जागा प्रयोगशाळा म्हणण्याजोगी नव्हती. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. न घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू अधिक दिसून आले. पुढे बडोद्याजवळच्या उंढेरा गावी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांनाच लस देऊन त्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. आपल्या लसीची परीक्षा इतक्या कठोरपणे घेणारा माणूस तपासणीला भिणारा नव्हता, एवढे तरी यावरून म्हणता येते. पुण्यात त्याच वर्षी घरझडत्यांच्या जुलमातून रँडसाहेबाचा खून झाला. त्या वातावरणात हाफकिन यांचा भर मन वळविण्यावर राहिला. आगाखानांनी स्वतः जाहीरपणे लस घेतली, आपल्या अनुयायांना घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मागणी इतकी वाढली की उत्पादन अपुरे पडू लागले. ते वेगाने व्हावे म्हणून लसीत कार्बोलिक आम्ल मिसळण्याची पायरी गाळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत हाफकिन यांनी स्वीकारली. पॅरिसमध्ये ती रूढ होती. तरीही हा बदल पुढे त्यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा ठरला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मलकोवाल (आज हे गाव पाकिस्तानात आहे). त्या दिवशी १०७ ग्रामस्थांना लस टोचण्यात आली. काही दिवसांतच त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. सर्वांना लस दिली होती ती एकाच बाटलीतून : क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीच झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख होते. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

वास्तविक मलकोवालमध्ये काय घडले, याची साक्ष आयोगापुढेच झालेली होती. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या द्रावणात जेमतेम बुडविला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि अशा निसटत्या स्पर्शाने ते मरत नाहीत. शिवाय बाटली उघडल्यावर आतील द्रवाला कसलीही दुर्गंधी नव्हती. मुंबईपासून तिच्यात धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर घाण वास आल्यावाचून राहिला नसता. म्हणजे शोध प्रयोगशाळेच्या भट्टीपेक्षा टोचणीच्या मेजाभोवती घ्यायला हवा होता. तो तेथे का घेतला गेला नाही? दूरच्या संचालकावर ठपका ठेवणे सोयीचे असते. आणि हा संचालक परका, ज्यू आणि वैद्यकीय पदवी नसलेला होता. या प्रकरणाला छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले गेले, ते उगीच नव्हे.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा नव्याने तपासला, तेव्हा चित्र पालटले. निजामी राज्यातल्या सिकंदराबादेत (धाराशिवही तेव्हा त्याच राज्यात होते) डासातील हिवतापाचे जंतू शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. आरोप सिद्ध झालेला नाही, असा त्याचा आशय होता. सरकारला अखेर नमते घ्यावे लागले.

हाफकिन हिंदुस्थानात परतले खरे, पण परळ त्यांना परत मिळाले नाही. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले आणि माणसांवर नव्या लसीचे प्रयोग करण्यास मनाई झाली. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात गेले. अविवाहित राहिलेल्या या शास्त्रज्ञाने आपली संपत्ती ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे देह ठेवला. मुंबईच्या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ या काळात प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. त्याच १९२५ साली सरकारने तिला हाफकिन यांचे नाव दिले.