डिस्क आधी आली, पॅड नंतर : फ्रेडरिक लँचेस्टर यांची गोष्ट

बेळगाव (विशेष प्रतिनिधी) : परवा उद्यमबागेतल्या एका गॅरेजात कामानिमित्त गेलो होतो. जॅकवर एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार चढवलेली. जीए पासिंगची. मालक गोव्याचे, गाडी समुद्राजवळच्या घरी तीन पावसाळे उभी होती. चाकं काढली तर चारही ब्रेक डिस्क तांबड्याभडक.

डिस्कला गंज येणं नवीन नाही. रात्रभर पाऊस लागला तरी सकाळी तांबूस थर दिसतो आणि दोन-चार ब्रेक मारले की जातो. पण गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की गंज आत शिरतो, खड्डे पडतात, कडेला ओठ तयार होतो. मग ब्रेक मारला की पेडल थरथरतं आणि गाडी थांबायला जागा जास्त घेते. अशी डिस्क लेथवर घासून घ्यायची म्हटलं, तर तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जायची भीती. म्हणून बदलायचीच, आणि एका अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही एकदम. मिस्त्रींनी हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं चकचकीत केला, कारण तिथं गंजाचा कण जरी राहिला तरी नवी डिस्क वाकडी फिरते. नव्या डिस्कचं तेल पुसलं, नवे पॅड बसवले आणि पहिले दोनेकशे किलोमीटर जोराचे ब्रेक मारू नका म्हणून मालकांना बजावलं.

डिस्क बिडाची. आपल्या फाउंड्र्यांतून ज्या जातीचं बीड ओततात, त्याच जातीची. बेळगावच्या माणसाला ती वस्तू परकी नाही. पण चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गाडी थांबवायची, ही कल्पना कोणाची, हे किती जणांना ठाऊक आहे? तिचं पेटंट 1902 चं. माणसाचं नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर.

नोकरीच्या करारावरची काट

लँचेस्टर यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1868 चा, लंडनच्या लुईशॅममधला. वडील वास्तुविशारद, घरात आठ भावंडं. बालपण ब्रायटनजवळ होव्ह इथं गेलं. पुढं साउदॅम्प्टन आणि मग लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला शिकले, पण पदवी घेतली नाही.

1889 मध्ये बर्मिंगहॅमजवळ सॉल्टली इथल्या गॅस इंजिनच्या कारखान्यात ते सहायक व्यवस्थापक म्हणून लागले. करारात एक कलम होतं : तुम्ही जी सुधारणा शोधाल तिची मालकी कंपनीची. वीस-एकवीस वर्षांच्या या पोरानं सही करण्याआधी ते कलम सरळ खोडलं. त्यामुळेच पुढं इंजिनाच्या गव्हर्नरवर त्यांना नगामागे दहा शिलिंग रॉयल्टी मिळाली आणि इंजिन सुरू करण्याच्या युक्तीचे हक्क दुसऱ्या कंपनीला 3,000 पौंडांना विकता आले. हा व्यवहारीपणा शेवटपर्यंत टिकला असता तर बरं झालं असतं.

ऑर्डरी भरपूर, पैसा नाही

1895-96 मध्ये त्यांनी पहिली मोटार बनवली. घोडागाडीला इंजिन बांधलं असा प्रकार नव्हता. प्रत्येक भाग मोटारीसाठी म्हणून नव्यानं विचार करून केलेला. डिसेंबर 1899 मध्ये भावांच्या साथीनं बर्मिंगहॅमला लँचेस्टर इंजिन कंपनी निघाली. जॉर्ज कारखान्यात मदतीला, फ्रँक विक्रीला. सुट्टे भाग गेज लावून अगदी मापात करायचे, म्हणजे एका गाडीचा भाग दुसरीला कानस न मारता बसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपण पार्ट नंबर सांगून डिस्क मागवतो आणि ती बसते, त्यामागं हीच शिस्त आहे. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक.

पण 1904 मध्ये कंपनी रिसीव्हरच्या हाती गेली. गाड्या खपत नव्हत्या म्हणून नव्हे, ऑर्डरी हातात होत्या. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे दुखणं लगेच कळतं. कच्चा माल, पगार, यंत्रं यांना आज पैसा लागतो आणि गाडीचे पैसे नंतर येतात. मधलं अंतर भरून काढायला खेळतं भांडवल लागतं, तेच तोकडं होतं. कंपनी नव्या नावानं पुन्हा उभी राहिली, पण फ्रेडरिक यांचा शब्द पूर्वीसारखा चालेना. 1909 पासून ते डेमलर कंपनीचे सल्लागार झाले.

ब्रेक बरोबर, कर्कश आवाज चूक

आता डिस्कचं बघू. त्या काळच्या ब्रेकमध्ये पट्टा किंवा ठोकळा चाकाच्या नाहीतर ड्रमच्या अंगाला घासायचा. बंद ड्रममध्ये उष्णता कोंडते आणि ब्रेक ढिला पडतो. उघडी चकती वाऱ्यावर थंड होते, हे डिस्कचं बलस्थान.

लँचेस्टर यांची चकती पातळ पत्र्याची आणि तिला धरणारे जबडे तांब्याचे. धातूवर धातू. ब्रेक दाबला की कानठळ्या बसवणारी किंकाळी. शिवाय रस्ते धुळीचे, त्यामुळे तांबं भराभर झिजायचं. पुढच्या काही वर्षांत डर्बीशरच्या हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉस वापरून घर्षणाचं अस्तर केलं आणि आवाजाचं दुखणं आवाक्यात आलं. फेरोडो हे नाव त्यांच्याच आडनावातल्या अक्षरांचं. तरी मोटारींत डिस्क लगेच रुळली नाही.

1949 मध्ये अमेरिकेतल्या क्रॉस्ली हॉटशॉट या छोट्या स्पोर्ट्स कारला डिस्क ब्रेक लावले गेले. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठानं ते गंजून अडकू लागले आणि बऱ्याच मालकांनी ड्रम बसवून घेतले. गॅरेजातल्या त्या गोव्याच्या गाडीचं दुखणं म्हणजे तेच, फक्त मीठ समुद्राचं. 1953 मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत डिस्कवाली जग्वार सी-टाइप जिंकली आणि 1955 मध्ये सिट्रोएन डीएस या घरगुती गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क आली. पेटंटला तेव्हा 53 वर्षं झाली होती.

विमानं, लढाया आणि कविता

मोटारीबरोबर त्यांचा दुसरा ध्यास विमानविद्येचा. पंख हवेत वजन कसं पेलतो याचा विचार त्यांनी 1890 च्या दशकातच मांडला होता. 1897 चा त्यांचा निबंध नाकारला गेला. 1907 आणि 1908 मध्ये त्यावर दोन ग्रंथ आले. पंखाच्या गणिताची कीर्ती मात्र पुढं जर्मनीतल्या लुडविग प्रांटल यांच्या वाट्याला जास्त आली.

पहिल्या महायुद्धात त्यांनी लढाईचं गणित मांडलं. दूरवर मारा करणाऱ्या दोन सारख्याच सैन्यांत संख्येचा वर्ग बघावा लागतो. हजार विरुद्ध पाचशे म्हणजे ताकद दुप्पट नव्हे, चौपट. पाचशे संपेपर्यंत हजारातले साधारण 866 शिल्लक राहतात. हा वर्गाचा नियम आजही युद्धशास्त्रात शिकवतात. 1922 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. टोपणनावानं कविताही लिहिल्या.

याच घरातल्या थोरल्या भावाची, हेन्री यांची, खूण आपल्या देशात उभी आहे. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा त्यांच्या आराखड्यावर बांधला गेला. तसंच अलवरच्या महाराजांनी 1924 मध्ये लँचेस्टर गाडीवर राजेशाही बग्गीच्या घाटाची बॉडी चढवून घेतली होती.

शेवटचा ताळेबंद

1919 मध्ये डोरोथिया कूपर यांच्याशी लग्न झालं, मूल झालं नाही. डेमलरचं सल्लागारपद सुटलं तसं उत्पन्न आटलं. स्वतःची प्रयोगशाळा काढली, तीही 1934 मध्ये बंद झाली. पार्किन्सनच्या आजारानं हात थरथरू लागले, दृष्टी मंदावली. राहतं घर सुटू नये म्हणून मदत निधीचा आधार घ्यावा लागला. 8 मार्च 1946 रोजी बर्मिंगहॅमच्या त्याच घरी ते गेले. जग्वारची शर्यत अजून सात वर्षं लांब होती.

कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे. पण हिशेब मांडायला बसलं तर जमेच्या बाजूला जगाची सोय दिसते आणि त्यांच्या खात्यावर जवळपास काही नाही. त्यांची चकती वाईट नव्हती. तिला जोडीदार पॅड मिळायचा होता, कंपनीला भांडवल मिळायचं होतं. आपल्याकडेही उद्यमबागेत, कोल्हापुरात, इंदुरात डोकं लावून नवी वस्तू घडवणारे कमी नाहीत. त्यांची वस्तू पहिल्या वर्षी किंचाळली, तर ती फेकण्याआधी कशामुळं किंचाळते एवढं तरी विचारावं.

संध्याकाळी ती गाडी रस्त्यावर फिरवून आणली. उतारावर ब्रेक दाबला, आवाज नाही, थरथर नाही. जुन्या चार डिस्क भंगारवाल्यानं वजनावर नेल्या. बीड आहे, पुन्हा कुठल्या तरी भट्टीत वितळेल.