गोळीचा वेग मोजणारा रॉबिन्स

रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैच्या किनाऱ्यासमोर उभा असलेला सुवर्णदुर्ग १७५५च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या हाती पडला. कमोडोर विल्यम जेम्सने आपली जहाजे तटाच्या अगदी निकट आणून मारा केला होता. दुरून डागलेला गोळा नेमका कोठे पडेल, हे सांगणारे भरवशाचे गणित त्या काळच्या गोलंदाजांपाशी नव्हते. त्या गणिताचा पाया घालणारा बेंजामिन रॉबिन्स चारच वर्षांपूर्वी, कंपनीच्याच चाकरीत, हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावर मरण पावला होता.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधील बाथ येथे एका गरीब क्वेकर कुटुंबात झाला. गणित तो बहुतांशी स्वतःच शिकला. लंडनला येऊन शिकवण्या करू लागला आणि विशीतच, १७२७ मध्ये, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. वूलिच येथील नव्या लष्करी अकादमीत प्राध्यापकपद मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. ते दुसऱ्याला मिळाले. तेथील व्याख्यानांसाठी जमवलेल्या सामग्रीतून १७४२ मध्ये तोफशास्त्रावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. एका नेमणुकीत झालेली निराशा शास्त्राच्या इतकी कामी आल्याची उदाहरणे थोडीच असतील.

तोवर गोलंदाजांची कोष्टके गॅलिलिओच्या अन्वस्तावर बेतलेली होती. हवेचा विरोध नगण्य मानला जाई. रॉबिन्सने मोजमाप करायचे ठरवले. लोखंडी पत्रा आणि जाड लाकूड यांचा एक जड लोलक टांगून तो त्यावर बंदुकीची गोळी झाडी. गोळी लाकडात रुते, लोलक मागे झुले, आणि किती झुलला ते त्याला जोडलेली फीत दाखवी. दोहोंची वजने ठाऊक असल्याने गोळीचा वेग काढता येई. सेकंदाला सुमारे १७०० फूट वेगाने सुटलेली गोळी निर्वात जागेत १७ मैल जाईल, असे गणित सांगे. प्रत्यक्षात ती अर्ध्या मैलाच्या आतच पडे. सुरुवातीला हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट भरतो, हा त्याचा निष्कर्ष अनेकांना अविश्वसनीय वाटला. ध्वनीच्या वेगाजवळ हा विरोध एकाएकी वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते. लिओनार्ड ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७४५ मध्ये विस्तृत भाष्यासह या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. पुढच्याच वर्षी रॉबिन्सला कॉप्ली पदक मिळाले.

गोळी स्वतःभोवती फिरते म्हणून वाट सोडून वळते, हेही त्यानेच दाखवले. त्यासाठी त्याने बंदुकीची नळीच टोकाशी डावीकडे वाकवली. गोळी प्रथम डावीकडे गेली आणि पुढे उजवीकडे वळली. आतून आटे पाडलेली नळी गोळीला योग्य दिशेने फिरवते, म्हणून रायफल आत्मसात करणारे राष्ट्र इतरांवर मात करील, असे त्याने १७४७ मध्ये बजावले.

आजचे नेमबाज मोबाइल फोनवर ज्या गणकाच्या आधारे लांब पल्ल्याचा नेम साधतात, त्यांचे कामही याच दोन आकड्यांवर चालते: नळीतून सुटतानाचा वेग आणि हवेचा विरोध. गणक निवडताना लोक पडद्यावरच्या सजावटीला भुलतात. पाहायचे ते हे की, लांबट, मागे निमुळत्या गोळीसाठी त्यात जुन्या जी-१ऐवजी जी-७ प्रमाण वापरता येते का, आणि तापमान व हवेचा दाब भरता येतो का. (कोकणातली दमट हवा जड असते हा समज चुकीचा आहे, त्याच तापमानाला व दाबाला ती कोरड्या हवेपेक्षा हलकीच असते.) वेग मात्र स्वतःच्या बंदुकीचा, यंत्राने मोजलेला हवा. डब्यावर छापलेला वेग भरला, तर उत्तम गणकही दूरच्या लक्ष्यावर फसवतो.

१७४९ मध्ये कंपनीने रॉबिन्सला मुख्य अभियंता नेमले. मद्रास फ्रेंचांकडून नुकतेच परत मिळाले होते आणि किल्ल्यांची तटबंदी नव्याने उभारायची होती. १७५०च्या जुलैमध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोहोचला. दोनच महिन्यांत तापाने त्याला गाठले. त्यातून उठून तो पुन्हा कामाला लागला, पण प्रकृती सावरली नाही. २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो तेथेच वारला. त्याचे गणितविषयक लेखन जेम्स विल्सन याने १७६१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले.