तीन रंगांचे उत्तर डोळ्यात शोधणारा डॉक्टर

पिवळ्या रंगात निळा मिसळला की हिरवा होतो, हे मुले चित्रकलेच्या तासाला शिकतात. मोजक्या तीन रंगांतून बाकीचे बहुतेक रंग तयार करता येतात, हे रंगारी आणि छपाई करणाऱ्यांना अठराव्या शतकातही ठाऊक होते. पण तीनच का? या प्रश्नाचे उत्तर रंगांत नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे, असे डॉ. थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरांनी सुचवले.

त्यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी सॉमरसेटमधील मिल्व्हर्टन या गावी झाला. लहानपणापासूनच त्यांना अनेक भाषांची गोडी होती. वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच, जवळचे पाहताना डोळ्यातील भिंग आपला आकार बदलते, असे त्यांनी मांडले. त्या कामामुळे १७९४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. चष्म्याच्या ज्या दोषाला आपण 'सिलिंड्रिकल नंबर' म्हणतो, तोही त्यांनी स्वतःच्याच डोळ्यात ओळखला.

नोव्हेंबर १८०१ मधील व्याख्यानात त्यांनी रंगदृष्टीचा विचार मांडला. डोळ्याच्या आतला पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्यावरील प्रत्येक बिंदूवर असंख्य रंगछटांसाठी वेगवेगळी यंत्रणा मावणे अशक्य. मग तीनच प्रकारच्या यंत्रणा असाव्यात आणि त्या कमी-अधिक उत्तेजित झाल्या की बाकीचे रंग दिसत असावेत, असा त्यांचा तर्क होता. आधी त्यांनी लाल, पिवळा आणि निळा हे तीन रंग धरले. पुढच्याच वर्षी ते बदलून लाल, हिरवा आणि जांभळा केले.

हा बदल महत्त्वाचा होता, कारण प्रकाशाची मिसळण रंगाच्या डब्यातल्या मिसळणीसारखी नसते. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र पडला की पिवळा दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर पिवळा ठिपका नसतोच. शेजारचे लाल आणि हिरवे ठिपके उजळतात, आणि पिवळा रंग आपला मेंदू घडवतो.

यंग यांच्या वाट्याला मात्र टीकाच आली. 'एडिंबरो रिव्ह्यू' या नियतकालिकाने त्यांच्या प्रकाशविषयक लेखांची खिल्ली उडवली. १८११ पासून ते लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात डॉक्टर होते. वैद्यकीवर परिणाम होऊ नये म्हणून काही लेखन त्यांनी निनावी केले. इजिप्तच्या प्राचीन लिपीचा उलगडा करण्यातही त्यांचा वाटा होता. १० मे १८२९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा रंगदृष्टीचा त्यांचा विचार जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १८५० च्या दशकात हेल्महोल्ट्झ आणि मॅक्सवेल यांनी तो पुन्हा उचलून धरला. दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी असल्याचा थेट पुरावा १९६० च्या दशकात मिळाला.

प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नसे. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, असे त्यांना वाटे. उलट यंग यांनी १८०७ मध्ये सुचवले की दोष दृष्टिपटलात असून तीनपैकी लाल रंगाची यंत्रणा नसावी. डाल्टन यांच्या जतन केलेल्या डोळ्यांची १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली. अभाव लाल नव्हे, तर हिरव्या रंगाला जास्त प्रतिसाद देणाऱ्या रंगद्रव्याचा निघाला. यंग यांचा रंग चुकला, पण दोषाची जागा त्यांनी अचूक सांगितली होती.

रेल्वेतील भरतीच्या वेळी ठिपक्यांत दडलेला आकडा ओळखायला लावतात, ती परीक्षा याच तीन यंत्रणांची असते. बहुतांश रंगांधत्व जन्मजात असते आणि चष्म्याने ते बरे होत नाही. मूल रंग ओळखण्यात सतत चुकत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी एकदा त्याचे डोळे तपासून घ्यावेत.