सामूचा आकडा देणारे सोरेन सोरेन्सेन

माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की त्यात सामू म्हणजेच पीएचचा आकडा दिसतो. नरडाणा परिसरातल्या काळ्या वावरात तो बहुधा 7 च्या पुढे असतो. हा आकडा जगाला देणारे शास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सेन हे शेतकऱ्याचेच चिरंजीव.

त्यांचा जन्म 9 जानेवारी 1868 रोजी डेन्मार्कमध्ये झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते कोपनहेगनला गेले, पण रसायनशास्त्राची गोडी लागली आणि वाट बदलली. 1901 मध्ये ते तिथल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायन विभागाचे प्रमुख झाले. ही प्रयोगशाळा एका बिअर कारखानदाराने 1875 मध्ये सुरू केली होती.

तिथे त्यांचे काम प्रथिने व विकरांवर चाले. विकरांचे काम द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असते, म्हणून आम्लता नेमकी सांगणे गरजेचे होते. हायड्रोजन आयनांचे प्रमाण मात्र 0.0000001 असे लांबलचक लिहावे लागे. 1909 मध्ये त्यांनी त्याऐवजी नुसते 7 लिहिण्याची पद्धत मांडली. हीच सामूची मोजपट्टी. मोजण्यासाठी त्यांनी इलेक्ट्रोडची आणि रंग बदलणाऱ्या द्रव्यांची, अशा दोन्ही रीती दिल्या.

त्याच वर्षी फ्रिट्झ हाबर व क्लेमेन्सिएविच यांनी काचेच्या इलेक्ट्रोडवरचे काम प्रसिद्ध केले. पुढे 1934 मध्ये अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी सुटसुटीत सामूमापक बनवला. आज प्रयोगशाळेत तुमच्या मातीच्या द्रावणात बुडवतात तो सेन्सर याच घराण्यातला. सोरेन्सेन 1938 पर्यंत कार्ल्सबर्गमध्ये राहिले आणि 12 फेब्रुवारी 1939 रोजी वारले.

या मोजपट्टीची एक खूण लक्षात ठेवा. सामू 1 ने वाढला की हायड्रोजन आयन 10 पटीने घटतात. म्हणून 7.5 आणि 8.5 मधला फरक किरकोळ नाही. सामू चढला की लोह, जस्त व स्फुरद जमिनीत असूनही पिकाला कमी मिळतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर खताचा डोस वाढवण्याआधी सामू पाहा.

सामू 8.5 च्या वर असेल तर जमीन चोपण असण्याची शक्यता असते. तरीही नुसत्या सामूवरून जिप्सम टाकू नका. विनिमययोग्य सोडियम व चुनखडी तपासून मात्रा ठरवा, नाहीतर पैसा वाया जाईल. हातातले सामूमापक वापरत असाल, तर आधी सामू माहीत असलेल्या बफर द्रावणात आकडा जुळवून घ्या. सेन्सर चुकला तर सल्लाही चुकतो.